शाफ्टचं पोट

लेकीच्या सासरी आपण होऊन काही बोलायचं नाही, हा गुणाकररावांचा नेम. अपूर्वाला रामपायलीच्या राइस मिलवाल्यांकडे दिल्यापासून त्यांनी तो पाळला होता. बालाघाटच्या पॉलिटेक्निकात त्यांनी उभं आयुष्य यंत्रांचं कंपन शिकवलं, पण पुस्तकातून. फळ्यावर वाकडी रेघ काढायची आणि म्हणायचं, शाफ्ट असा वाकतो. खरा वाकलेला शाफ्ट त्यांनी पाहिला नव्हता. आपण पोरांना नुसतं वाचून दाखवलं, असं त्यांना अजूनही वाटे.

म्हणून यंदा जावयाने, गजेंद्रने, मोटरला मोठी पुली बसवून मिलचा वेग वाढवला तेव्हाही ते गप्प राहिले. मिल बंद होताना जमिनीखालून ठोके येतात, हे अपूर्वाने सांगितलं. गजेंद्रने हसण्यावारी नेलं. चालत्या मिलमध्ये बेअरिंगवर ठेवलेला रुपया न पडता कडेवर उभा राहतो, मग बिघाड कसला, असं त्याचं म्हणणं.

लेकीकडे आले असताना एका दुपारी जेवणासाठी मिल थांबली, तसे गुणाकरराव कुणाला न सांगता ते ठोके कसले हे बघायला मिलखालच्या भुयारात उतरले. सांगितलं असतं तर जावयाला कमीपणा वाटला असता. फरशीखाली अरुंद भुयार, त्यातून गेलेला, मिल फिरवणारा लांबलचक लोखंडी शाफ्ट, दोन्ही टोकांना बेअरिंग आणि शिडी एकाच टोकाला. ते पलीकडच्या टोकाशी पोचले आणि वर कुणीतरी मोटर सुरू केली.

शाफ्ट मधोमध क्षणभर फुगला. मग वेग चढला आणि तो सरळ होऊन गुमान फिरू लागला. शिडीकडे जायचं तर त्याच्या आणि भिंतीच्या मधून अंग चोरून जावं लागणार होतं. त्यांनी हाका मारल्या, त्या त्यांना स्वतःलाही ऐकू आल्या नाहीत. कोंड्याची धूळ नाकातोंडात जाऊ लागली. पाठ भिंतीला टेकली होती, मागे सरायला जागाच नव्हती.

समोर भुयाराच्या मध्यावर भिंतीचं प्लास्टर खरवडून गेलेलं दिसत होतं. बेअरिंगपाशी मात्र भिंत कोरी. बघता बघता त्यांना उमगलं. शाफ्ट वाकतो तेव्हा टोकं जागेवर राहतात आणि पोट हलतं. रुपया टोकाला उभा राहणारच. आणि हे पोट सुटतं ते एका ठरावीक वेगाला. पूर्वी मिल त्या वेगापर्यंत पोचतच नव्हती. आता चढताना ती तो झटकन ओलांडते, पण बंद केल्यावर रेंगाळत उतरते आणि नेमकी तिथेच घोटाळते. म्हणजे मिल थांबेल तेव्हाच खरा धोका. का आपण चुकीचं आठवतोय?

शिडीच्या तोंडाशी त्यांच्या चपला अपूर्वाला दिसल्या असाव्यात. मोटरचा आवाज तुटला. वरून गजेंद्र ओरडला, "मामाजी, बंद केली. या ना बाहेर."

शाफ्ट मंदावत होता. पाय आपसूक पुढे निघाले. जावयाचा शब्द त्यांनी आजवर मोडला नव्हता. पण धोका आत्ताच आहे हे आठवून ते थबकले.

"काहून थांबले? थांबा, मीच येतो," म्हणत गजेंद्रने पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"थांबा, जावईबापू. खाली पाऊल टाकू नका." हा दरडावणीचा आवाज आपलाच आहे हे त्यांना पटेना.

गजेंद्र जागीच खिळला. तेवढ्यात शाफ्टचं पोट सुटलं. धाडधाड भिंतीवर आदळत त्याने विटांचे टवके उडवले, त्यांच्या माऱ्याने शिडीचा खालचा दांडा मोडला, आणि मग तो हळूहळू निपचित झाला.

गजेंद्र वरूनच वाकून म्हणाला, "आता या मामाजी. धान येऊन पडलं आहे, आज तं चालवाच लागते. पुलीचं पाहू मंग."

वाट मोकळी होती. गुणाकररावांनी शिडीकडे पाहिलं, धोतर सावरलं आणि ते बेअरिंगला टेकून खाली बसले.

"आधी जुनी पुली बसवा," ते म्हणाले. "तोवर मी इथंच आहे."