गुंजनची पांढरी रांगोळी

बंद पडलेल्या इमारतीत शिरायचं तर हिरोगिरी घरी ठेवून यायची, हे मी आमच्या चॅनलवर प्रत्येक व्हिडिओच्या आधी सांगते. डोक्याला हेल्मेट, नाकाला मास्क, जाड तळव्याचे बूट, मालकाची परवानगी, घरी पत्ता सांगून निघणं, आणि एकटीनं कधीच नाही. लोक कॉमेंटमध्ये लिहितात, 'ताई, किती भाषण देता.' देते. छत अंगावर आलं की लाइक कामाला येत नाहीत.

'एकटीनं नाही' यातली दुसरी म्हणजे गुंजन. माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, इतवारी बाजारातल्या भांड्यांच्या दुकानवाल्यांची मुलगी. आमची एक पद्धत होती. जुन्या इमारतींचे वरचे मजले लाकडी असतात आणि वाळवी फळी आतून खाते, वरून काही कळत नाही. म्हणून गुंजनने लांब बांबूच्या टोकाला छिद्रं पाडलेला स्टीलचा डबा बांधला होता, दुकानातलाच. दारात उभं राहून ती बांबूने एकेक फळी ठोकायची. आवाज भरीव आला तर डबा हलवून त्यावर पांढरी रांगोळी टाकायची, पोकळ आला तर दुसऱ्या डब्यातली लाल. रांगोळी एवढ्यासाठीच की दुसऱ्याच्या वास्तूवर डाग राहायला नको. पांढरं जिथवर, तिथवर मी कॅमेरा घेऊन चालायचं. कॅमेरा हातात असला की फळी तपासायला मला भान उरत नाही. पांढरं दिसलं की पाय टाकायचा, एवढंच मला ठाऊक.

त्या दिवशी आम्ही कन्हानच्या अलीकडे, कापसातली सरकी काढायच्या एका बंद जिनिंग कारखान्यात गेलो. मालकाने फोन करून ठेवला होता, चौकीदार धोंडबांनी कुलूप काढलं. गुंजन बांबू घेऊन वर गेली. मी खाली धोंडबांशी बोलत ट्रायपॉड जोडत होते.

"भूमिका, ये वं लवकर!" वरून हाक आली. "झालं माझं. खिडकीतलं ऊन जाऊन राहिलं!"

वर गेले तर दारापासून खिडकीपर्यंत पांढरी रेघ, सरळसोट. मध्ये कुठे लाल ठिपका नाही. इतक्या वर्षांच्या बंद जिनिंगमध्ये एकही फळी खराब नसावी, याचा मला संशय यायला हवा होता. मला आलं कौतुक. व्हिडिओत रेघ काय देखणी दिसेल म्हणून मी चालू लागले.

मध्यावर फळी गेली. धड कडकन मोडलीही नाही, भुसभुशीत होऊन खाली बसली. उजवा पाय मांडीपर्यंत आत, कोपरं शेजारच्या तुळईवर अडकलेली. कॅमेरा सुटला आणि खालच्या लोखंडी यंत्रावर आपटला. 

"गुंजन, बांबू दे!"

ती दारात होती. "हलू नको वं भूमिका. अजिबात हलू नको."

"ये ना पांढऱ्यावरून. मी आत्ताच तर आली तिथून."

तिने पाऊल उचललं, रेघेकडे पाहिलं आणि पाऊल परत उंबऱ्यामागे घेतलं. एक पडली तर दुसरीने धावत जायचं नसतं, हे मीच जगाला शिकवते. पण मी मोडलेल्या फळीजवळ ये म्हणत नव्हते. दाराशीच, पहिल्या फळीवर बसून बांबू पुढे करून घट्ट धरता आला असता. तेवढ्यासाठीही ती उंबऱ्यापुढे यायला तयार नव्हती. स्वतः टाकलेल्या रांगोळीवर.

"तू ठोकलंच नाही," मी म्हणाले.

ती धोंडबांना हाका मारत जिन्याने खाली पळाली. धोंडबांनी यंत्रावर शिडी टेकवली, माझा लोंबकळता पाय धरून पायरीवर ठेवला, आणि मी कशीबशी उतरले.

बाहेर ओट्यावर बसून ती माझ्या मांडीवरचं रक्त ओढणीने पुसायला लागली. मी तिचा हात झटकला. रागाने मला रडू फुटत होतं.

"काहून केलं असं?"

"ऊन जाऊन राहिलं होतं वं. पहिल्या दोन-चार फळ्या घाईत वरवर ठोकल्या, चांगल्या वाटल्या. मले वाटलं, पुढेही तशाच असतील."

"आजच?"

ती ओढणीचं टोक पिळत राहिली. "सुरुवातीले सगळं ठोकायची मी. पण तुले कधी काही झालंच नाही, मग..."

मग माझ्या डोळ्यांपुढे मौद्याची शाळा आली. माझी आई तिथे शिकली होती. मागच्या वर्षी ती पडीक शाळा बघायला तिला हट्टाने नेलं होतं. वरच्या मजल्यावरच्या वर्गात आई पांढऱ्या रेघेवरून एकटी चालत गेली, भिंतीवरच्या फळ्याला हात लावून आली. गुंजन दारातून शूट करत होती. तो आमचा सगळ्यात जास्त पाहिलेला व्हिडिओ.

"मौद्याले?" मी विचारलं. "आई होती त्या दिवशी, गुंजन."

तिने मान खाली घातली. मला आणखी ऐकायचं नव्हतं. तिच्या गाडीवर बसले नाही, ऑटो केला. ती गेटपर्यंत मागे आली, मी वळून पाहिलं नाही.

मांडीला टाके पडले. पायरी चुकली, एवढंच आईला सांगितलं. मौद्याचं खरं सांगितलं तर ती शाळा तिच्यासाठी कायमची नासेल. तिने तो व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांना दाखवलाय, अजून दाखवते.

काल तिने विचारलंच. "गुंजन काहून येऊन नाही राहिली वं? भांडली काय तू तिच्याशी?"

"हो," म्हटलं, "मीच भांडली."

"मग तूच फोन कर तिले," आई म्हणाली. "तुले इतकं जपणारी दुसरी भेटणार नाही."