मेलेल्या माणसाला दिलेला शब्द

गावच्या सभागृहात थियाने बारा खुर्च्या गोल मांडल्या आणि थोडा वेळ थांबून त्यातल्या सहा पुन्हा भिंतीशी नेऊन लावल्या. चार वाजत आले होते.

मेलबर्नच्या विद्यापीठात तिने अकरा वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं होतं. नवऱ्याला, गॅविनला, या गव्हाच्या गावात गुरांच्या डॉक्टरची नोकरी लागली, म्हणून ती इथे आली, त्याला आठ महिने झाले. माणसं चांगली होती. दाराशी न सांगता अंडी, भोपळे ठेवून जायची. पण बोलणं पाऊस, मेंढ्या आणि फुटबॉलपाशी संपायचं. परवा भांडी घासताना ती मोठ्याने स्वतःशीच वाद घालत होती. त्याच रात्री तिने गॅविनला सांगून टाकलं, "गुरुवारी मी तत्त्वज्ञानावर चर्चा ठेवली आहे. तिला कोणी आलं नाही, तर फेब्रुवारीत नवं सत्र सुरू झालं की मी मेलबर्नला परत."

दोघं आले. पोस्टातली नोला नारळ लावलेल्या केकचा डबा घेऊन आली. पाठोपाठ सत्तरीचा क्लेम, इस्त्रीच्या शर्टात.

"काय रे, कुणाचं लग्न आहे?" नोला म्हणाली.

क्लेम नुसताच खाकरला.

थियाने टिपणं उघडली. विषय होता, मेलेल्या माणसाला दिलेला शब्द पाळावा का. पहिलं वाक्य पुरं होण्याआधीच क्लेम म्हणाला, "मला विचारायचंय पोरी. माझ्या बायकोने, एनिडने, जाताना माझ्याकडून वचन घेतलं. पुन्हा लग्न करणार नाही म्हणून. सहा वर्षं झाली."

थिया टिपणं चाळू लागली. पण तेवढ्यात नोलाने केकचा डबा खाली ठेवला आणि उत्तर दिलं.

"मग पाळायचं. शब्दातून सोडवायचा हक्क ज्याला शब्द दिला त्याचा. ती नाही, म्हणजे सोडवणारं कोणी नाही."

"पण ती तेव्हा तापात होती. शुद्धीत असती तर मागितलं असतं का?"

"तू शुद्धीत होतास ना?"

थिया पुढे सरकली. असा पेच तिच्या वर्गात कुणी इतक्या थोडक्यात टाकला नव्हता. तिने क्लेमची बाजू घेतली, नोलाने ती मोडली. क्लेमने टेबलावर मूठ आपटली, मग माफी मागितली. सहा वाजता दिवे लावावे लागले.

"तू फार कडक आहेस, नोला," क्लेम शेवटी म्हणाला. त्याने टोपी उचलली आणि तिच्याकडे न बघता बाहेर गेला.

नोला डब्याचं झाकण लावत बसली. ते नीट बसत होतं, तरी ती पुन्हा पुन्हा दाबत होती.

"बाई, तो हे कुणासाठी विचारत होता?"

थिया टिपणं मिटून तिच्याकडे बघत राहिली. नोलाच्या कानाच्या पाळ्या हळूहळू लाल झाल्या.

"अगं बाई!" ती पुटपुटली. मग तिने विचारलं, "तुमच्या या चर्चेत मत बदललेलं चालतं का?"

"चालतं. पण कारण द्यावं लागतं."

"आठवडा तर आहे," नोला म्हणाली आणि डबा काखेत मारून निघाली.

घरी गॅविन बटाटे सोलत होता.

"किती आले?"

"दोन."

त्याने सुरी खाली ठेवली. "थिया, अगं..."

"पुढच्या गुरुवारी मला उशीर होईल," ती कोट काढत म्हणाली. "तू जेवून घे."