पेट्रेलच्या नाकातला पलंग

सिग्नेच्या मते जगातली सगळ्यात सुंदर खोली जेमतेम सात फूट लांब होती, पुढे निमुळती होत गेलेली होती आणि तिच्यात उभंसुद्धा राहता येत नव्हतं. ही खोली म्हणजे पेट्रेल नावाच्या शिडाच्या बोटीची पुढची केबिन, अगदी बोटीच्या नाकात. तिथला पलंग सिग्नेने स्वतः बनवला होता, गेल्या ऑगस्टमध्ये, सोळावं लागायच्या बरोबर नऊ दिवस आधी. (हे ती सगळ्यांना सांगायची. कुणी विचारलं नाही तरी.)

आधी तिथे कारखान्यातून आलेले दोन अरुंद बाक होते, पुढे जाऊन एकमेकांना भिडणारे. दोघं झोपले की दोघांचे पाय एकाच कोपऱ्यात, आणि रात्रभर लाथाळी. सिग्नेने ते काढले आणि त्यांच्यापेक्षा वीतभर उंच असा एकच ऐसपैस पलंग बसवला. सगळी जादू त्या वीतभरात होती. उताणं पडलं की छतातल्या काचेच्या झडपेतून नेमकं डोलकाठीचं टोक दिसायचं. त्याच्याभोवती आभाळ सावकाश घुसळत राहायचं, कानाशी पाणी कुजबुजायचं, आणि थोड्या वेळाने कळेनासंच व्हायचं की हलतंय ते कोण, बोट, ढग की आपण.

पण आता एप्रिल होता. पेट्रेल मॅड्रोना हार्बरच्या यार्डात, जमिनीवर, लोखंडी टेकूंच्या आधाराने उभी होती आणि विकायची होती. तीसुद्धा सिग्नेसाठीच! जूनपासून तिला लाकडी होड्या बांधायला शिकवणाऱ्या शाळेत जागा मिळाली होती आणि तिच्या डॅडकडे, टोर हाउगेनकडे, फी भरायला या बोटीखेरीज काही नव्हतं.

"एक बोट विकायची आणि दहा बांधायच्या," डॅड म्हणाला होता. "धंदा वाईट नाही."

बोटींची दलाली करणारी डोलोरेस शिडी चढून वर आली, पुढच्या केबिनमध्ये वाकून बघितलं आणि तिथेच थबकली.

"हे काय आहे? पलंग की उंटाची पाठ?"

पलंग खरंच मधोमध फुगून वर आला होता. सिग्नेचा चेहरा खर्रकन उतरला. "ऑगस्टमध्ये सपाट होता! शप्पथ!"

"सगळे तेच म्हणतात, पोरी." डोलोरेस पलंगाच्या कडेवर बसली आणि तिचं डोकं छतावर आपटलं. "बघ! बसायलाही येत नाही. गिऱ्हाईक कसं असतं माहितेय? जुन्या माहितीपत्रकात दोन बाक छापलेत ना, मग त्याला दोन बाकच हवेत. ज्याच्या त्याच्या स्वप्नाचे पैसे दुसरा कशाला देईल? मी किंमत दहा टक्के उतरवणार."

"दहा टक्के म्हणजे?"

"म्हणजे तुझी अर्धी फी," डॅड हळूच म्हणाला.

सिग्नेला वाटलं, आपणच आपल्या शाळेच्या तळाला भोक पाडलं.

"जुन्या फळ्या आहेत का?" डोलोरेसने विचारलं. "शनिवारी कॅप्टन ओकिमोटो बघायला येतेय. तेवढ्यात बाक परत बसव."

फळ्या होत्या म्हणजे काय! या बंदरात बोटीचं मूळ लाकूड कुणी फेकत नाही. लग्नाचे फोटो हरवतील एक वेळ, फळ्या नाही. सिग्नेने सगळ्या जुन्या शिडात गुंडाळून ठेवल्या होत्या. प्रत्येकीच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलं होतं : डावी, पुढून दुसरी. उजवी, शेवटची.

शनिवारी सकाळी डॅड आणि डोलोरेससमोर तिने आपला पलंग उचलून बाजूला ठेवला आणि जुनी फळी लावायला घेतली. बसेना. दुसरी घेतली. तीही बसेना. अर्ध्या बोटाएवढी जास्त लांब!

नेमकी तेव्हाच कॅप्टन रूथ ओकिमोटो शिडीवरून डोकावली. चाळीस वर्षं फेरीबोटी हाकून निवृत्त झालेली, पिवळी टोपी घातलेली, लहानखुरी बाई. "मूळ फळी मूळ जागी बसत नाही? मग बोट वाकलीय की काय?"

"छे, छे! लाकूड फुगलंय," डोलोरेस घाईने म्हणाली आणि सिग्नेच्या कानाशी लागली, "रंधा मार. पटकन."

सिग्नेने रंधा उचलला. दोन हात फिरवले की काम झालं असतं. पण तिचा हात काही पुढे जाईना. सगळ्याच फळ्या एकदम फुगल्या? आणि माझा पलंगही? सगळं लाकूड कोरडं ठणठणीत असताना?

रंधा ठेवून ती धडाधड शिडी उतरली. बोटीच्या पोटाला गाल लावला, एक डोळा मिटला आणि लांबवर नजर टाकली. पुढचे दोन टेकू नोव्हेंबरच्या वादळात यार्डवाल्यांनी करकचून आवळले होते, आणि तिथेच बोटीची कूस किंचित आत गेली होती.

"वाकलेली नाहीये ती!" ती खालून ओरडली. "श्वास रोखून उभी आहे! टेकू दाबतायत तिला. मी सगळी मापं पाण्यात घेतली होती, आणि आपण बसवतोय जमिनीवर!"

"मग टेकू सैल कर," डोलोरेस म्हणाली.

"वेडी की काय! टेकूला फक्त यार्डवाले हात लावतात," सिग्ने म्हणाली. (बोट अंगावर पडली की हा नियम कायमचा लक्षात राहतो.)

कॅप्टनने घड्याळ बघितलं. "दोनला भरती आहे. पाण्यात सोडा. आणि तरीही फळी बसली नाही तर?"

"तर तुम्ही सांगाल ती किंमत," सिग्ने म्हणाली आणि स्वतःच दचकली. डॅडने तिच्याकडे बघितलं.

"सोडा पाण्यात," तो म्हणाला.

दुपारी क्रेनने पेट्रेलला पट्ट्यांत उचललं, झोपलेल्या बाळाला उचलावं तसं, आणि हिरव्या पाण्यावर ठेवलं. बोट एकदा डोलली. आत कुठेतरी लाकूड करकरलं, मग शांत झालं. सिग्नेने 'डावी, पुढून दुसरी' उचलली आणि जागेवर धरली. तिला ढकलावंही लागलं नाही. फळी सुस्कारा सोडल्यासारखी आत गेली.

"हं," कॅप्टन म्हणाली. "आता ती काढ. तुझा तो पलंग घाल."

पलंग बसला. सपाट! कॅप्टन त्यावर चढली, उठून बसायला गेली आणि टाळकं आपटलं.

"आई गं!"

"मी म्हटलं नव्हतं?" डोलोरेस कण्हली.

मग कॅप्टन आडवी झाली आणि बोलायचीच थांबली. झडपेतून उन्हाचा चौकोन तिच्या चेहऱ्यावर आला, कपाळावरून हनुवटीवर घरंगळला, परत वर गेला. डोलकाठीच्या टोकाने एक ढग हळूहळू ढवळला. पाणी कुजबुजत राहिलं.

"झोपली का काय?" डोलोरेस पुटपुटली.

"मी चाळीस वर्षं उभी होते," कॅप्टन डोळे न मिटता म्हणाली. "पाणी समोर, घड्याळ डोक्यावर. आभाळ असं डोलतं हे मला कुणी सांगितलंच नाही."

बराच वेळ गेल्यावर ती उठली, या वेळी डोकं सांभाळून. "टोर, तू सुरुवातीला मागितली होतीस तीच किंमत. एक पैसा कमी नाही. पलंग राहू दे, आणि जुन्या फळ्याही बोटीबरोबर हव्यात."

"पण असा पलंग म्हणजे बोटीची किंमत..." डोलोरेस स्वतःच्याच विरुद्ध बोलायला लागली होती.

"फळी तासायच्या आधी जी खाली उतरून बोट बघते," कॅप्टन म्हणाली, "तिने केलेल्या कामाचे पैसे मी का कापू?"

सिग्नेला एकदम उडी मारावीशी वाटली आणि एकदम रडावंसंही वाटलं. शाळा मिळाली होती. खोली गेली होती.

कॅप्टनने तिच्याकडे एकदा बघितलं. "चला, कागद वर उन्हात बसून करू," ती बाकीच्यांना म्हणाली. "अर्धा तास तरी लागेल."

सिग्ने एकटीच राहिली. ती उताणी पडली. ढग, काठी, पाणी. हलतंय ते कोण हे पुन्हा एकदा कळेनासं झालं. मग तिने खिशातली पेन्सिल काढली, पलंगाची मधली फळी उचलली आणि तिच्या पाठीवर नीट, गोल अक्षरांत लिहिलं :

मधली. पाण्यातच बसवावी.