सुब्रायाची मेणसकाई

ब्रह्मावर गावच्या नरसिंह उडुपा आचाऱ्यांच्या हातची अननसाची आंबटगोड मेणसकाई खाल्ली नाही, तर लग्नाला जाऊन केलंत काय, असं आमच्या कुंदापूरकडे सरळ विचारायचे. आणि खरं सांगायचं, तर ती उडुपांच्या हातची नव्हतीच! ती करायचा त्यांचा मेहुणा सुब्राया. अननसाच्या फोडी शिजवणं, तीळ-मिरची भाजून वाटणं, गूळ, मीठ, सगळं त्याचं. उडुपा शेवटी येऊन वरून फोडणी तेवढी ओतायचे.

तुम्ही म्हणाल, सुब्रायाला आपली चव कळत नव्हती? कशी कळणार! सोवळ्यातला स्वयंपाक. नैवेद्याआधी जिभेला काही लावायचं नाही. मीठ घालायचं ते अंदाजानं. पुढे आचारी जेवायला बसेपर्यंत मेणसकाईचं पातेलं रिकामं झालेलं असायचं. अकरा वर्षांत त्याच्या वाट्याला ती एकदाही आली नाही. मुख्य आचारी म्हणून उडुपांचं पान मात्र यजमान आधी मांडायचे.

"कशी झाली, भावोजी?" सुब्राया दर वेळी विचारायचा.

"ठीक. मीठ जरा जास्त."

कौतुकानं हात बिघडतो, असं म्हणे त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं. हे लोकांना सांगायचं कारण. मनात भीती निराळीच होती: याला कळलं, तर उद्या हा वेगळी चूल मांडेल.

मग कारकळचं ते लग्न. जेवण झाल्यावर नव्वदीचे एक म्हातारे काठी टेकत थेट स्वयंपाकघराच्या दारात आले. "मेणसकाई कुणी केली? मला ते हात बघायचेत."

आणि सुब्राया, भोळा सांब, त्यानंच हौसेनं बोट दाखवलं. "हे काय, आमचे भावोजी!"

म्हाताऱ्यांनी उडुपांचे दोन्ही हात डोळ्यांना लावले. एक शब्द पुरे होता हो! तो ओठांवर आला आणि उडुपांनी गिळला.

संध्याकाळी भांडी आवरताना सुब्राया म्हणाला, "तुम्ही फोडणीनं माझं सगळं सावरून घेता, भावोजी. अकरा वर्षं झाली, माझं मीठ काही सुधारत नाही. तुमच्या नावाला बट्टा कशाला? मी जातो." उडुपा "राहा रे" एवढंच म्हणाले. तो घाट चढून तीर्थहळ्ळीला मावसभावाकडे सुपारी सोलायला निघून गेला.

पुढच्या लग्नसराईत उडुपांनी मेणसकाई स्वतः केली. लोक भिडेखातर छान म्हणायचे आणि पानावर तशीच टाकून उठायचे. वर्षभर हे बघून उडुपांना झोप लागेना. धंद्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त सलत होतं ते हौसेनं दाखवलेलं बोट. शेवटी त्यांनी तीर्थहळ्ळीची बस धरली.

"सुब्राया, लोक वाखाणायचे ती तुझी मेणसकाई. मीठ कधीच जास्त नव्हतं. मी खोटं बोललो."

सुब्राया मनापासून हसला. "लग्नं तोंडावर आली, माणूस मिळत नाही, होय ना? अहो, सरळ सांगा की! एवढं हरभऱ्याच्या झाडावर कशाला चढवता?"

"देवाशप्पथ रे!"

"पुरे हो. माझा हात मला ठाऊक आहे." त्यानं मुलीला हाक मारली. "शर्वाणी, ये, पाया पड. उभ्या जिल्ह्यात यांच्यासारखा आचारी नाही."

पोर वाकली. उडुपांना पाय कुठे लपवावेत ते कळेना. त्यांनी पुन्हा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. सांगावं तितकं ते गरजवंताचं आर्जव वाटू लागलं, त्यांच्या स्वतःच्या कानांनासुद्धा.

सुब्रायाला त्यांची दया आली. कॉफीचा पेला पुढे सरकवत तो म्हणाला, "बरं, येतो मी. पण भाजी चिरायला. चुलीपाशी मला उभं करू नका, भावोजी."