रिकामी ठेवलेली तिसरी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. इतकी वर्षं झाली, तरी मी नक्की कशासाठी आहे हे मला अजून कळलेलं नाही.

सुताराने एकाच ओंडक्यातून आम्हा तिघी बहिणींना घडवलं. दोघींच्या बैठका झिजून गुळगुळीत झाल्या. माझं पॉलिश मात्र जसंच्या तसं आहे. आधी वाटलं, माझा पाय डुगडुगत असेल. पण नाही, चारही पाय जमिनीला नीट टेकतात.

आमच्या खोलीत एक बाई बसतात, सगळे त्यांना मावशी म्हणतात; त्यांच्याकडे मन मोकळं करायला माणसं येतात. कुणाची श्रद्धा डळमळलेली असते, कुणाला प्रार्थना जमेनाशी झालेली असते. मावशी उपाय सांगत नाहीत. ऐकतात, मध्येच त्या आणि आलेला माणूस दोघंही गप्प बसतात, आणि याला म्हणे सोबत म्हणायचं! रोज सकाळी त्या मला पुसतात, दोघी बहिणींच्या समोर ठेवतात आणि रिकामी सोडतात.

एक ड्रायव्हरकाका दर महिन्याला येत. बायको गेल्यापासून त्यांची तीस वर्षांची प्रार्थना बंद पडली होती. लेकीने बळेच पाठवलं होतं. ते ब्रेकबद्दल बोलत, खड्ड्यांबद्दल बोलत. बायकोबद्दल अवाक्षर नाही.

एकदा माझ्याकडे बघून म्हणाले, "हा तिसरा माणूस दर वेळी दांडी मारतो की काय?"

"तो, म्हणजे देव, आलेला असतो, असं मी धरून चालते," मावशी म्हणाल्या. "तुम्हाला तसं वाटायलाच हवं, असं नाही."

"मग सांगा त्याला, माझ्या घरीही एक खुर्ची रिकामी आहे."

एवढं बोलून काका उठून निघून गेले. मला वाटलं, आता काका पुन्हा यायचे नाहीत.

पुढच्या महिन्यात झाडूपोछा करणाऱ्या बाईंनी रद्दीचा गठ्ठा माझ्यावर ठेवला. मावशींच्या ते लक्षात आलं नाही. मी मात्र खूश! अखेर अंगावर वजन आलं होतं. काका आले, बसले. ते सारखे माझ्याकडे बघत राहिले. मग उठले, गठ्ठा खाली ठेवला, रुमालाने मला पुसलं आणि आपली खुर्ची माझ्याकडे वळवून बसले.

"तिला शेवटी फार त्रास झाला," ते मला म्हणाले. "तू कुठे होतास?"

मी लाकूड. काय सांगणार? काका रडले, आणि वेळ संपल्यावरही बसून राहिले. जाताना म्हणाले, "पुढच्या महिन्यात येतो. अजून बरंच बोलायचं आहे."

"माझ्याशी?" मावशींनी विचारलं.

"नाही, मावशी. याच्याशी," म्हणत काकांनी माझ्याकडे बोट केलं.

मित्रांनो, त्या दिवशी मी काय केलं ते मला आजही उमगत नाही. मी फक्त रिकामी होते. पण एवढं मागते: कुणाच्या घरी रिकामी खुर्ची दिसली, तर तिच्यावर पटकन दप्तर टाकू नका. आधी विचारा, ती कोणाची आहे. आणि घरातलं माणूस सांगू लागलं, तर जवळ बसून ऐका.