भागूबाईचं बेणं

धरण सोडून कुणी हळदीच्या ढिगापाशी येतं का? भागूबाईच्या डोक्यात सकाळपासून हाच किडा वळवळत होता. हिंगोलीला हळदीवर शास्त्रज्ञांची परिषद भरलेली. दुपार मोकळी, म्हणून पाहुण्यांना सिद्धेश्वर धरणाची सहल ठेवलेली. पाणी बघा, मासे खा, फोटो काढा. आणि त्यातल्या दोघांना म्हणे हे काहीच नको होतं. त्यांना डोंगरकडा गावात येऊन भागूबाईचं वावर बघायचं होतं.

"काहून पण?" तिनं फोनवरच पोराला खडसावलं. प्रमोद तिथल्या कॉलेजात कारकून, राहायलाही हिंगोलीलाच. "तिकडचे मासे कडू लागून राहिले का त्यान्ला?"

"आई, म्याच सांगितलं तुझ्या हळदीचं. येऊ दे की."

सांगितलं! भागूबाईनं फोनच ठेवून दिला. पावसाळ्यात लोकांची हळद जमिनीत कुजायची, तेव्हा हिच्या रानात एखाददुसरं झाड ठणठणीत उभं राहायचं. त्याचंच बेणं वेगळं काढून, लावून, पुन्हा निवडून तिनं कैक वर्षांत अख्खं वावर भरवलं होतं. नवरा हसला, जाऊ हसली, हिनं कुणाला भीक घातली नाही. आता गाव त्याला ‘भागूची हळद’ म्हणायचं. पण मागं शेजारच्या देविदासकडून बियाणं कंपनीच्या एका टोपीवाल्यानं तुरीचं बी ‘बघायला’ म्हणून मूठभर नेलं, आणि तेच पुढं चकचकीत पुडीत, भलत्याच नावानं दुकानात आलं. तेव्हाचं देविदासचं तोंड ती विसरली नव्हती.

जीप आली. वाट दाखवायला प्रमोद सोबत होताच. पिकल्या केसांच्या तारा मॅडम उतरल्या, मागून नचिकेत नावाचा तरणा शास्त्रज्ञ. त्यानं उतरल्या उतरल्या मोबाइल वर धरला. भागूबाईनं चहा दिला, पण नजर काही त्याच्या हातावरून काढली नाही.

हळद काढून झाली होती. आंब्याच्या सावलीत पाल्याखाली झाकलेलं तिचं बेणं, आणि पलीकडं हळद शिजवायच्या कुकरजवळ देविदासचा ढीग. कुकर दोघांनी मिळून भाड्यानं आणलेला.

"मावशी, बेणं कुठं ठेवता?" मॅडमनी विचारलं.

आलं बघा पोटातलं ओठावर!

"थोडं मिळेल का?" मॅडमनीच पुढं विचारलं.

"देते की, म्याडम. घरचंच हाय," भागूबाई गोड हसून म्हणाली आणि सरळ देविदासच्या ढिगाकडं गेली. प्रमोद ड्रायव्हरशी बोलत होता, त्याचं लक्ष नव्हतं. चांगले जाडजूड कंद निवडून तिनं पिशवी भरून दिली. न्या म्हणावं, खुशाल न्या! मनातल्या मनात तिला उकळ्या फुटत होत्या.

नचिकेतनं पिशवी बंद केली, वर तिचं नाव चिकटवलं. मग मॅडम म्हणाल्या, "मावशी, उगाच आशा लावायची नव्हती म्हणून आधी बोलले नाही. आम्ही हे लावून तपासणार. वेगळं निघालं, तर हा वाण सरकारदरबारी तुमच्या नावावर लागेल. मग तुम्हाला विचारल्याशिवाय कुणाला तो विकता यायचा नाही."

भागूबाईची नजर पिशवीवरच्या चिठ्ठीवर गेली. आपलं नाव, आणि आत हळद देविदासची! तपासली की साधीच निघणार आणि भागूची हळद कायमची खोटी ठरणार.

"म्याडम, थांबा." लाज सोडून तिनं सगळं सांगितलं. धावत जाऊन आंब्याखालची हळकुंडं आणली, मोडून आतला गडद रंग दाखवला. "ही बघा. ही माझी. चुकले मी, पाया पडते तुमच्या."

नचिकेत हसला. मॅडम हसल्या नाहीत.

"पाया नका पडू. तुमची भीती कळते मला. पण मावशी, मघाशी पण तुम्ही ‘घरचंच’ म्हणाला होता. आता हे तरी तुमच्याच रानातलं, हे मी कशावरून लिहू? जमिनीत एखादं झाड शिल्लक असेल तर दाखवा. माझ्यासमोर खणलेलं मी नेते."

भागूबाईनं रानाकडं पाहिलं. काढणी झाल्यावर मागं राहिलेला सरवा गोरगरिबांनी वेचायचा, ही गावाची रीत. औंदा तिनं बायांना बांधावरूनच हाकलून दिलं होतं. बेणं बाहेर जाईल म्हणून स्वतः सगळं रान उकरून काढलं होतं. जमिनीत बोटाएवढं हळकुंड उरलं नव्हतं.

"पुढल्या साली या ना, म्याडम."

"जूनमध्ये मी निवृत्त होतेय. सांगून ठेवीन कुणाला तरी," मॅडम म्हणाल्या. पिशवी त्यांनी ओट्यावर ठेवली, नावाची चिठ्ठी काढून नचिकेतकडं दिली.

जीप गेली. मागं राहिलेला प्रमोद आंब्यापाशी गेला, पाला सारून त्यानं एक कंद उलटसुलट करून बघितला. मग हळूच म्हणाला, "आई, खरं सांग. ही तरी आपलीच हाय ना?"

भागूबाईनं पोराच्या तोंडाकडं पाहिलं. तो तिला टोचून बोलत नव्हता. त्याला खरंच खात्री नव्हती.