दोन नंबरचा सिलिंडर

"गाडीचा डिझेल पंपच गेलाय. पनवेलला पाठवावा लागंल," गणराजने तिसऱ्यांदा सांगितलं, तेही बापाकडे तोंड करून, सावकाश, ओठ ताणून. लहान पोराशी बोलावं तसं कुणी बोललं की हिरामणचं डोकं फिरे. कान गेले होते, अक्कल जागेवर होती.

पस्तीस वर्षं रेवदंड्याच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करता करता त्याचे कान निकामी झाले. गेल्या दिवाळीपासून तर समोरच्याचे ओठ दिसले तरच बोलणं कळे. गणराजला तेवढं निमित्त पुरलं. रस्त्याला लागून असलेली गॅरेजची जागा हॉटेलवाल्याला द्यायची आणि आपण गल्ल्यावर बसायचं, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं. करारनामा तयार होता, फक्त हिरामणची सही अडली होती. इंजिनाचा आवाज ज्याला ऐकू येत नाही तो मेकॅनिक कसला, हा त्याचा रोजचा सवाल. शेवटी आज सकाळी बापलेकांचं ठरलं. रुचिकाबाईंच्या गाडीतला दोष हिरामणने शोधला तर करारनामा फाडायचा, नाहीतर मुकाट्याने सही करायची.

रुचिकाबाई मुंबईच्या निवृत्त मुख्याध्यापिका. जुन्या मिनीबसमध्ये बिछाना, शेगडी, बेसिन बसवून घेतलेल्या मोटरहोममधून एकट्याच किनारा फिरत. पंधरा दिवसांपूर्वी याच गॅरेजात इंजिनात डिझेल फवारणारी नोझलं साफ करून घेऊन त्या दिघीकडे गेल्या आणि परतताना काशीदच्या चढावर गाडी मिसिंग मारायला लागली. चारातला एक सिलिंडर कामच करेना. अख्खं घर लंगडत होतं, कपाटातल्या बश्या थडथडत होत्या.

अशा वेळी मेकॅनिक एकेका नोझलचा पाईप ढिला करतो आणि कान देतो. ज्याचा पाईप सोडूनही आवाज बदलत नाही, तो सिलिंडर मेलेला. हिरामणने ती वाट धरलीच नाही. पुढच्या दोन सीटांमधलं झाकण काढून त्याने थंड इंजिन चालू करायला लावलं, थोडा वेळ थांबला आणि एक्झॉस्टच्या चारही नळ्यांवर ओलं फडकं पिळलं. तीन नळ्यांवरचं पाणी चटकन वाफ होऊन उडालं. दुसऱ्या नळीवरचं आपलं निवांत ओघळत राहिलं; ती तापलीच नव्हती.

"दोन नंबर," हिरामण म्हणाला.

मग त्याने त्या सिलिंडरचा पाईप सोडून दाखवला. डिझेल जोरात उडालं, म्हणजे पंप ठणठणीत होता. गणराजचा चेहरा तिथेच उतरला.

इंजिन बंद करून हिरामणने नोझल बाहेर काढलं. नोझलखाली तांब्याचा वायसर असतो. नवा बसवताना जुना काढायचा असतो, पण तो काजळीने तळाशी असा चिकटतो की दिसत नाही. म्हणून भोकात बोट घालून चाचपायचं, हे त्याने गणराजला दहावीच्या सुट्टीतच शिकवलं होतं. आज त्याने नवा वायसर उचलला, बोट घातलं, आणि खालून दुसरा निघाला, काळाठिक्कर. दोन वायसरांवर नोझल उंच बसलं होतं आणि सिलिंडरचा दाब निसटत होता.

पंधरा दिवसांपूर्वी बाईंची गाडी आली त्या दिवशी हिरामण किहीमला भाचीच्या साखरपुड्याला गेला होता. नोझलं एकट्या गणराजने बसवली होती. दोघांची नजरानजर झाली आणि गणराज खाली बघायला लागला.

"आमच्याच हातून ऱ्हायला, बाई," हिरामण म्हणाला. कुणाच्या हातून, ते त्याने सांगितलं नाही. पोराचं नाव गिऱ्हाइकासमोर खराब करायला त्याची जीभ धजली नाही.

जोडणी झाली. इंजिनावर तळहात ठेवून हिरामणने चारही ठोके मोजले आणि मनातून सुखावला. बाईही खूष झाल्या. जाता जाता त्या गणराजकडे वळून म्हणाल्या, "त्यांना आता अशी कामं देऊ नका हो. वय झालं, चुका होणारच."

बाईंचे ओठ हिरामणला दिसले होते. आता तो गणराजच्या ओठांकडे बघत राहिला. चूक माझी होती, एवढंच गणराजने म्हणायला हवं होतं.

"मी पण त्यांना तेच सांगतोय," गणराज म्हणाला.

एकेक अक्षर हिरामणला स्पष्ट कळलं. इतकं जिव्हारी त्याला कान जातानाही लागलं नव्हतं. बाईंची गाडी पुलाकडे वळली. मग त्याने करारनामा मागितला, उभा फाडला, आडवा फाडला.

"गॅरेज चालू ऱ्हानार. माज्याच नावानं. तुजी चूक मी अंगावर घेतली ती बाप म्हनून. तू ती माज्या अंगावर टाकलीस, ते मी बघितलंय. कामाला यायचं असंल तर उद्या आठला ये. न्हाय आलास तरी शटर उघडंल."

गणराजचे ओठ हलायला लागले. हिरामणने त्याच्याकडे पाठ केली, होडीचं इंजिन पुढ्यात ओढलं आणि बोल्ट सोडायला बसला.